टॉनिकची बाटली घेण्याआधी सोयाबीनचं एक झाड खणून बघा: मुळातल्या जिवाणूंचं तंत्रज्ञान सोप्या भाषेत

पेरणीचे दिवस जवळ आले की वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कुठेही जा, फोनवरच्या जाहिराती बदलतात. इअरबड्स आणि शूजच्या जाहिरातींमध्ये अचानक हिरव्यागार वावरात उभा असलेला माणूस येतो. हातात बाटली असते, आणि तो सांगतो की हिच्यात करोडो जिवाणू आहेत, मुळं डबल होणार, उत्पन्न डबल होणार. घरात फोन आपल्याच हातात जास्त असतो, त्यामुळे बाबा किंवा काका विचारतात, "बघ रे, हे खरं हाय का?"

आज आपण त्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेऊ. गंमत अशी आहे की त्या जाहिरातीतला "जिवाणू" हा भाग पूर्ण थाप नाही. सोयाबीनच्या मुळात खरोखरच जिवाणू राहतात आणि ते हवेतून खत तयार करतात. पण बाटलीवर जिवाणूंचं नाव आहे म्हणून ते काम करतीलच असं नाही. हा फरक कळला तर घरचे पैसे वाचतात.

हा विषय आत्ताच का?

२०२५ या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. तिन्ही बातम्या वेगवेगळ्या वाटतात, पण तिन्हींचा संबंध आपल्या वावरातल्या मुळाशी आहे.

पहिली गोष्ट: मे २०२५ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ ब्राझीलच्या डॉ. मारिआंजेला हुंग्रिया यांना जाहीर झालं. शेती आणि अन्नाच्या क्षेत्रात या पुरस्काराला साधारण नोबेलसारखा मान आहे. त्या ब्राझीलच्या एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेत काम करतात, आणि त्यांचं आयुष्यभराचं काम आहे मुळात राहणाऱ्या जिवाणूंवर. त्यातलं सगळ्यात मोठं काम सोयाबीनवर आहे.

दुसरी गोष्ट: युरियाची टंचाई. १ ऑगस्ट २०२५ ला देशातला युरियाचा साठा सुमारे ३७ लाख टन होता. आदल्या वर्षी त्याच दिवशी तो सुमारे ८६ लाख टन होता. म्हणजे निम्म्याहूनही कमी. देशभर कृषी केंद्रांसमोर रांगा लागल्या, आणि टंचाई आली की "लिंकिंग" येतं. युरिया पाहिजे तर ही बाटलीपण घ्या, हा प्रकार.

तिसरी गोष्ट: याच बाटल्यांवर सरकारने हात घातला. बायोस्टिम्युलंट म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांना फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात आणलं गेलं होतं, आणि कंपन्यांना तात्पुरत्या परवानगीवर विक्री करता येत होती. ती मुदत १६ जून २०२५ ला संपली. जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं की अनेक वर्षं सुमारे ३० हजार बायोस्टिम्युलंट उत्पादनं कुठल्याही तपासणीशिवाय विकली जात होती, नंतरच्या चार वर्षांत हा आकडा ८ हजारांच्या आसपास होता, आणि कडक तपासणीनंतर तो साधारण ६५० वर आला. खतासोबत अशा गोष्टी बळजबरीने गळ्यात मारणं थांबवा, असं पत्रही त्यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं.

३० हजारांतून ६५०. ॲप स्टोअरमधल्या ३० हजार ॲप्सपैकी तपासणीनंतर फक्त ६५० उरली तर आपण काय म्हणू? पण इथे ॲप अनइन्स्टॉल करून भागत नाही. पैसे आधीच गेलेले असतात.

हवेत खत आहे, पण लॉक केलेलं

आता मूळ गोष्ट. आपल्या आजूबाजूच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, म्हणजे शेतीच्या भाषेत नत्र. पिकाला नत्र लागतंच, कारण प्रथिनं त्यापासून बनतात. पण हवेतलं नत्र पिकाला थेट घेता येत नाही. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की ते तोडणं फार अवघड असतं.

युरियाच्या कारखान्यात हे कुलूप ताकदीने तोडतात. सुमारे ४०० ते ५०० अंश तापमान, हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि भरपूर नैसर्गिक वायू लागतो. गॅस आयात होतो, बराचसा युरियापण आयात होतो. म्हणून जगात कुठे काही बिनसलं की वाशिमच्या कृषी केंद्रासमोर रांग लागते.

सोयाबीनच्या मुळातला ब्रॅडीरायझोबियम नावाचा जिवाणू हेच काम मातीच्या साध्या तापमानात करतो. त्याच्याकडे नायट्रोजनेज नावाचं एन्झाइम आहे. कारखाना दारावर हातोडा मारतो, जिवाणूकडे किल्ली आहे.

यात किती नत्राचा प्रश्न आहे, ते बघू. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नत्र असतं. म्हणजे एक क्विंटल सोयाबीनमध्ये साधारण ६.४ किलो नत्र. एकरी ६ क्विंटल धरलं तर फक्त दाण्यातच ३८ किलो नत्र वावराबाहेर जातं. ४५ किलोच्या युरियाच्या बॅगेत साधारण २०.७ किलो नत्र असतं. म्हणजे एकरी जवळपास दोन बॅगांइतकं नत्र.

आपण मात्र सोयाबीनला तेवढं देत नाही. शिफारसच हेक्टरी ३० किलोच्या आसपास आहे, म्हणजे एकरी १२ किलो. मग बाकीचं कुठून येतं? थोडं जमिनीतून आणि बाकी या गाठींमधून. जगभरातले अभ्यास एकत्र पाहिले तर सोयाबीनचं साधारण ५० ते ६० टक्के नत्र हवेतून, म्हणजे जिवाणूंमार्फत येतं. घरात कुणी त्याचा हिशोब ठेवत नाही, कारण त्याचं बिल येत नाही.

मूळ आणि जिवाणू यांचं पेअरिंग

तुम्ही नवीन इअरबड्स फोनला जोडता तेव्हा आधी दोन्ही एकमेकांना सिग्नल देतात, ओळख पटते, मग जोडणी होते. मुळात जवळपास हेच होतं, फक्त सिग्नल रसायनांचा असतो.

१. सोयाबीनचं मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड गटातली रसायनं सोडतं. ही त्याची हाक.

२. जवळचा योग्य जिवाणू ती ओळखतो आणि उत्तर म्हणून स्वतःचं रसायन सोडतो. त्याला नॉड फॅक्टर म्हणतात. हा पासवर्ड.

३. पासवर्ड जुळला तर मुळावरचा बारीक केस वाकतो, जिवाणूला वेढून घेतो आणि आत जायला एक बारीक नळी तयार होते.

४. आत पोचल्यावर मुळाच्या पेशी वाढून गाठ तयार होते. तिच्यात जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र देतात.

पासवर्डचा भाग नीट लक्षात घ्या. सोयाबीनचा जिवाणू वेगळा आणि हरभऱ्याचा वेगळा. हरभऱ्यासाठीचं रायझोबियम सोयाबीनला लावलं तर जोडणी होणार नाही. म्हणून पाकिटावर नुसतं "रायझोबियम" लिहिलेलं पुरत नाही, पिकाचं नाव पाहिजे.

मुळात भागीदार ठेवणारं सोयाबीन एकटं नाही. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात स्वतःचा शिधाच नसतो. निसर्गात योग्य बुरशी मुळाशी आल्याशिवाय ते वाढतच नाही, आणि त्याच्या मुळांमध्ये जिवाणूही राहतात. नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ऑर्किड आणि बुरशीचं हे नातं ओळखलं. त्याआधी १८८० च्या दशकात हेलरिगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी दाखवलं होतं की शेंगवर्गीय पिकं गाठींमुळे हवेतलं नत्र घेतात, आणि १८८८ मध्ये बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. हे ज्ञान जवळपास १४० वर्षं जुनं आहे. रीलमध्ये "नवीन टेक्नॉलॉजी" म्हणतात तेव्हा हे आठवा.

गाठ गुलाबी का असते?

इथे एक मजेशीर अडचण आहे. नायट्रोजनेजला ऑक्सिजन चालत नाही, ऑक्सिजन लागला की ते निकामी होतं. पण जिवाणूला जगायला ऑक्सिजन लागतोच. मग करायचं काय?

झाडाने उपाय काढला आहे. गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं नातेवाईकच आहे. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मोजून-मापून जिवाणूला देतं. जिवंत, कामावर असलेली गाठ कापली की आतून गुलाबी-लालसर दिसते ती यामुळेच. आतून हिरवी, राखाडी किंवा पांढरी असेल तर ती गाठ काम करत नाही, किंवा तिचं काम संपलं आहे.

आपल्या भागात याचा थेट संबंध पाण्याशी आहे. काळी माती पाणी धरते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भात अतिवृष्टी झाली तेव्हा वावरं दिवसेंदिवस पाण्यात होती. अशा वेळी मातीतली हवा निघून जाते, गाठींना ऑक्सिजन मिळत नाही आणि नत्र तयार होणं मंदावतं. चारदोन दिवसांनी पीक पिवळं पडतं. मग आपण म्हणतो टॉनिक मारा. पण मुळाशी पाणी साचलेलं असताना पानावर फवारा मारणं म्हणजे चार्जर पाण्यात पडला असताना स्क्रीन पुसणं. बीबीएफवर पेरणी केली की पाणी सरीतून निघून जातं, त्याचा एक फायदा हाच आहे: गाठींना श्वास घेता येतो.

झाडही हिशोब ठेवतं

जिवाणूला साखर देणं झाडाला महाग पडतं. म्हणून मातीत तयार नत्र भरपूर असेल तर झाड गाठी कमी बनवतं. उभ्या सोयाबीनला पिवळेपणा दिसला म्हणून युरिया फेकत राहिलं, तर झाड फुकटचा सप्लाय बंद करून विकतच्या सप्लायवर जातं. पेरताना दिलेला थोडा डोस ठीक आहे, कारण गाठी कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात. पण नंतर सवय म्हणून दिलेला युरिया बऱ्याचदा गाठींचं काम कमी करतो.

दुसरी गोष्ट तर भारीच आहे. काही जिवाणू आत येऊन साखर खातात, पण नत्र देत नाहीत. टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनवर प्रयोग केला. काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून टाकला, म्हणजे तिथले जिवाणू इच्छा असूनही काम करू शकले नाहीत. झाडाने त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला, आणि तिथल्या जिवाणूंची वाढ घटली. काम नाही तर पगार नाही.

मग ब्राझीलमध्ये जमलं ते आपल्याकडे का नाही?

वर्ल्ड फूड प्राइझ देणाऱ्या संस्थेच्या अंदाजानुसार ब्राझीलमध्ये ४ कोटी हेक्टरहून जास्त क्षेत्रावर असे जिवाणू वापरले जातात आणि त्यामुळे शेतकऱ्यांचा वर्षाला २५ अब्ज डॉलरपर्यंत खर्च वाचतो. तिथे सोयाबीनला नत्राचं खत जवळपास देतच नाहीत. याची सुरुवात १९६० च्या दशकात योहाना डोबेराइनर यांनी केली. सोयाबीनचे वाण तयार करतानाच ते जिवाणूंच्या भरवशावर वाढतील असे निवडायचे, हा त्यांचा आग्रह होता. हुंग्रिया यांनी पुढे दाखवलं की दरवर्षी पेरणीला नव्याने जिवाणू दिले तर उत्पादन साधारण ८ टक्क्यांपर्यंत वाढतं.

आता दुसरी बाजू. अमेरिका आणि अर्जेंटिनातल्या बऱ्याच वर्षांच्या चाचण्या २०१७ मध्ये एकत्र मांडल्या गेल्या. अर्जेंटिनात सरासरी वाढ ६ टक्क्यांच्या थोडी वर होती, अमेरिकेत २ टक्क्यांच्याही आत. फरक का? एक मोठं कारण म्हणजे ज्या वावरात वर्षानुवर्षं सोयाबीन आहे तिथे मातीत आधीच जिवाणू असतात. नवीन आलेल्याला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते.

वाशिम जिल्ह्याचं चित्र याच्या जवळचं आहे. अनेक वावरांत वीस-पंचवीस वर्षांपासून खरिपाला सोयाबीनच आहे. मातीत जिवाणूंची वस्ती आहेच. त्यामुळे पाकिटाने चमत्कार होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता रुपयांत बघू. एकरी ६ क्विंटल आणि बाजारात क्विंटलला ४,००० रुपये धरा. (२०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे, पण गेल्या दिवाळीच्या सुमाराला बाजार समितीत काय भाव मिळत होता ते घरात विचारा.) ८ टक्के वाढ मिळाली तर ४८ किलो, म्हणजे १,९२० रुपये. अमेरिकेसारखी पावणेदोन टक्केच मिळाली तर १० किलो, म्हणजे ४०० रुपये. दोन्ही बाबतीत बियाण्याला लावायचं साधं रायझोबियम परवडू शकतं, कारण ते बियाण्याच्या हिशोबाने थोडंच लागतं. पण हजार-दीड हजाराचा "कॉम्बो पॅक" असेल तर तो ८ टक्क्यांवरच कसाबसा निघतो. उत्पन्न डबल होण्याचा प्रश्नच येत नाही.

मग कुठे जास्त फायदा? जिथे सोयाबीन पहिल्यांदा किंवा बऱ्याच वर्षांनी घेताय, किंवा मागच्या हंगामात गाठी कमी दिसल्या, तिथे.

एक गोष्ट सरळ सांगतो. ब्राझीलमध्ये हेक्टरी उत्पादन ३ टनांच्या वर आहे, भारतात साधारण १ टन. हा फरक फक्त जिवाणूंचा नाही. जमीन, पाऊस, वाण, कीड, पेरणीची वेळ, सगळंच त्यात आहे. कुणी ब्राझीलचा व्हिडिओ दाखवून बाटली विकत असेल तर हा आकडा त्याला ऐकवा.

बाटलीवर काय वाचायचं?

रायझोबियमसारखी जिवाणू खतं, म्हणजे बायोफर्टिलायझर, २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आहेत. बायोस्टिम्युलंट हा वेगळा गट आहे. त्यात समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्ल, ह्युमिक आम्ल अशा गोष्टी येतात. "टॉनिक" नावाचा गट कायद्यात नाहीच, तो दुकानातला शब्द आहे. म्हणून पहिला प्रश्न: ही बाटली नेमकी कोणत्या गटातली?

रायझोबियम असेल तर हे बघा:

• पिकाचं नाव: सोयाबीन लिहिलेलं आहे का?

• जिवाणूंची संख्या: लेबलवर सीएफयू असा शब्द असतो. नियमानुसार भुकटीत एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूपात एका मिलीलीटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत. म्हणजे रीलमधलं "करोडो जिवाणू" ही खास गोष्ट नाही, ती कायद्याची किमान अट आहे.

• बनवल्याची आणि संपायची तारीख: हे दुधासारखं आहे, मिठासारखं नाही. आतला माल जिवंत असतो.

• बॅच नंबर आणि उत्पादकाचा पत्ता: नसेल तर तिथेच थांबा.

• पक्कं बिल: चिठ्ठी नाही. बिल नसेल तर पुढे तक्रार करताना हातात काहीच राहत नाही.

आणि लेबलवर लिहिलेलं नसतं ते पण बघा: बाटली दुकानात कुठे ठेवली आहे? मे महिन्यात विदर्भात पारा ४२-४३ अंशांवर जातो. टिनाच्या शेडखाली, उन्हात ठेवलेल्या बाटलीतले जिवाणू तारीख संपायच्या आधीच मरू शकतात. लेबल बरोबर, तारीख बरोबर, आणि आत नुसतं पाणी. हा सगळ्यात मोठा कच्चा दुवा आहे. बियाण्याच्या बॅगवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर माल कुठून आला ते कळतं. पण आतला जिवाणू आज जिवंत आहे का, हे कुठलाही क्यूआर कोड सांगू शकत नाही. म्हणून शक्य असेल तर कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळ आहे, आणि जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र रिसोड तालुक्यात करडा इथे आहे.

लावताना क्रम चुकला की सगळं वाया

जिवाणू जिवंत असले तरी आपणच त्यांना मारू शकतो. बीजप्रक्रियेचा क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम. उलटं केलं तर जिवाणूच्या अंगावर थेट औषध पडतं.

• भुकटी असेल तर गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला चोळा. पाणी गरम असताना नको. प्रमाण पाकिटावरचंच पाळा.

• हलक्या हाताने चोळा. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. जोरात घोळलं तर बी फुटतं आणि उगवण कमी होते.

• सावलीत सुकवा, उन्हात नाही.

• त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच पेरा. आज लावून चार दिवस पावसाची वाट बघायची असेल तर लावूच नका.

ॲपला पान दिसतं, मूळ दिसत नाही

आता आपल्या हातातल्या फोनबद्दल. पानाचा फोटो काढला की रोग सांगणारी ॲप्स आली आहेत, राज्य सरकारचं महाविस्तार ॲप आहे, आणि एआयला मराठीत विचारता येतं. हे सगळं उपयोगाचं आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे वापरू नका असं म्हणणार नाही. पण मॉडेलला जे दाखवाल त्यावरच ते बोलतं.

सोयाबीन पिवळं पडण्याची निदान तीन वेगळी कारणं असू शकतात. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता असू शकते. नवीन कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत आणि पाणी साचल्यावर हे दिसतं. पिवळे-हिरवे चट्टे मिसळलेले असतील तर पिवळा मोझॅक, जो विषाणूचा रोग आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. घाईत काढलेल्या एका फोटोत ही तिन्ही सारखीच "पिवळी" दिसू शकतात. आणि नत्र कमी पडत असेल तर कारण गाठींमध्ये आहे का, हे फोटोत येतच नाही. कारण गाठी मातीखाली आहेत.

त्यासाठी एक फुकटची टेस्ट आहे. पीक फुलावर येताना, साधारण ३५ ते ४५ दिवसांनी:

१. वावरात वेगवेगळ्या पाच-सहा ठिकाणची एकेक झाडं घ्या. उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. खुरप्याने किंवा कुदळीने मातीसकट खणा.

२. मूळ बादलीतल्या पाण्यात हलवून धुवा.

३. मुख्य मुळाजवळच्या गाठी मोजा. झाडाला आठ-दहाच्या वर चांगल्या जाड गाठी असतील तर काम ठीक चाललंय.

४. चार-पाच गाठी नखाने किंवा ब्लेडने कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर चालू आहे.

५. गाठ बोटाने सहज सुटते का बघा. सहज सुटली तर जिवाणूची. मूळच फुगल्यासारखं असेल आणि गाठ सुटत नसेल तर ते सूत्रकृमीचं लक्षण असू शकतं, तेव्हा कृषी सहायकाला दाखवा.

६. कापलेल्या गाठीचा फोटो काढा, तारीख आणि वावराचं नाव टाकून सेव्ह करा. पुढच्या वर्षी रायझोबियमवर खर्च करायचा का, याचं उत्तर त्या फोटोत आहे.

घरात एखादं नवीन उत्पादन वापरायचंच ठरलं असेल तर चार तासं मुद्दाम न लावता सोडा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला ए-बी टेस्ट म्हणतो: अर्ध्यांना नवीन, अर्ध्यांना जुनं, मग तुलना. काढणीला दोन्हीकडचं वजन वेगळं करा. विकणाऱ्याच्या व्हिडिओपेक्षा तुमच्या स्वतःच्या चार तासांचा पुरावा मोठा आहे.

शेवटी, लिंकिंगचं काय?

युरिया किंवा डीएपीसोबत दुसरं काही घ्यायची सक्ती करणं नियमाला धरून नाही. ४५ किलो युरियाच्या बॅगेचा दर २६६ रुपये ५० पैसे आहे. त्यासोबत बाटली गळ्यात मारली तर स्वस्त खत महाग होतं, आणि सरकार भरतं त्या सबसिडीचा फायदा तिसऱ्याच्या खिशात जातो. बिल मागा, बाटलीचा आणि बिलाचा फोटो काढा, आणि पंचायत समितीतल्या किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयातल्या गुणवत्ता निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या. शेतीविषयक माहितीसाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ वर मराठीत बोलता येतं.

गावात अडचण ही असते की त्याच दुकानातून बाबांनी उधारीवर बियाणं आणलेलं असतं, त्यामुळे तोंड उघडणं सोपं नसतं. हे मान्य. म्हणूनच तक्रारीच्या आधीचं काम महत्त्वाचं आहे: घेण्याआधी लेबल वाचणं आणि वापरल्यावर मूळ बघणं. बाबांना वावर कळतं, तुम्हाला लेबलवरचा सीएफयू कळतो. दोघांनी मिळून एक झाड खणलं तर पुढच्या जूनमध्ये "बघ रे, हे खरं हाय का?" याचं उत्तर गुगलवर शोधावं लागणार नाही.